राष्ट्र कोणाचे? शेजारच्या देशांचा धडा



गोंदिया जिल्हा समुद्रापासून दूर आहे आणि परदेशाच्या सरहद्दीपासून त्याहूनही दूर आहे. धानाच्या बांध्या, मालगुजारांच्या काळचे तलाव आणि साग-बांबूचे रान यांच्या या मुलुखात ब्रह्मदेश, सिलोन किंवा पाकिस्तान यांच्या राजकारणाची चर्चा कोणास अप्रस्तुत वाटेल. परंतु याच जिल्ह्याच्या अर्जुनी-मोरगाव तालुक्यात अरुणनगर, गौरनगर अशी गावे आहेत, आणि तेथील घरांत बंगाली भाषा बोलली जाते. पूर्व बंगालातून निर्वासित होऊन आलेल्या कुटुंबांची ही मुले-नातवंडे होत. त्याच तालुक्यात, गोठणगाव-प्रतापगडाच्या बाजूस, १९७२ साली वसविलेली नोर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. पद्मा नदीच्या काठचा शेतकरी आणि हिमालयापलीकडील पठारावरचा मनुष्य हे एकाच तालुक्यात शेजारी झाले, ही किमया निसर्गाची नव्हे, राजकारणाची होय.

यांपैकी तिबेटचे प्रकरण निराळे आहे. एका मोठ्या राज्यसत्तेने एका लहान समाजाचा मुलूख आपल्या अंमलाखाली आणल्याची ती हकीकत आहे, आणि तिचा विचार स्वतंत्रपणेच करावयास हवा. बंगाली निर्वासितांच्या मागे मात्र जो प्रश्न उभा आहे, तो ब्रिटिश साम्राज्यातून मुक्त झालेल्या प्रत्येक शेजारी देशास सोडवावा लागला. परकी सत्ता गेल्यावर जे राष्ट्र उरले, ते कोणाचे? तेथे राहणाऱ्या सर्वांचे, की ज्या समाजाची डोकी अधिक, त्या एका समाजाचे? या प्रश्नाचे उत्तर ज्या देशाने जसे दिले, तशी त्याच्या भरभराटीची वाट मोकळी झाली किंवा अडली.

भारत आणि पाकिस्तान ही राज्ये ऑगस्ट १९४७ मध्ये स्वतंत्र झाली, ब्रह्मदेश ४ जानेवारी १९४८ रोजी, आणि सिलोन, म्हणजे आजची श्रीलंका, ४ फेब्रुवारी १९४८ रोजी. सहा महिन्यांच्या आत जन्मलेल्या या भावंडांचा वारसाही एकच होता. शिरगणती करून माणसांस जाती, धर्म व वंश यांच्या रकान्यांत बसविणारी राज्यपद्धती, थोड्या इंग्रजी शिकलेल्यांच्या हाती असलेल्या कचेऱ्या, आणि चहा, ताग किंवा तांदूळ अशा एखाद-दुसऱ्या पिकावर उभी असलेली परदेशी व्यापाराची इमारत, असा तो वारसा. कारखाने थोडे होते. म्हणून सरकारी नोकरी, शाळा-महाविद्यालयातील जागा आणि पाटबंधाऱ्याखालील जमीन याच उन्नतीच्या मुख्य पायऱ्या ठरल्या. त्या पायऱ्यांवर कोणास चढू द्यावयाचे हे सरकारच्या हाती असल्यामुळे सरकार कोणाचे, हा प्रश्न प्रत्येक घरातील मुलाच्या भवितव्याचा प्रश्न झाला.

प्रथम सिलोनचे उदाहरण घ्यावे. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा शिक्षण व आरोग्य यांत आशियातील फार थोडे देश त्या बेटाच्या पुढे होते. तेथील चहाच्या मळ्यांत तमिळ मुलुखातून नेलेले मजूर पिढ्यान्पिढ्या राबत होते, आणि त्यांच्या श्रमावर राज्याची तिजोरी भरत होती. १९४७ च्या निवडणुकीत त्यांचे सात प्रतिनिधी निवडून आले. लागलीच १९४८ च्या नागरिकत्वाच्या कायद्याने या सात लाखांहून अधिक माणसांपैकी बहुतेकांचे नागरिकत्व नाहीसे झाले, व पाठोपाठ मताधिकारही गेला. पुढे १९६४ साली शास्त्री-सिरिमाव्हो करार होऊन यांपैकी सव्वापाच लाखांनी भारतात जावे, तीन लाखांनी तेथे राहावे, अशी वाटणी झाली. जन्म तेथला, घाम तेथला, आणि देश कोणता ते मात्र दोन पंतप्रधानांनी ठरवावयाचे!

त्या बेटावर प्राचीन काळापासून नांदणाऱ्या तमिळांची पाळी १९५६ साली आली. सॉलोमन भंडारनायके यांनी सिंहली हीच एकमेव राजभाषा करणारा कायदा केला. इंग्रजी जावी ही मागणी न्याय्यच होती, परंतु इंग्रजीच्या जागी दोन भाषा बसविण्याऐवजी एकच बसविली गेली. कचेरीत काम करणारा तमिळ कारकून एका रात्रीत निरक्षर ठरला म्हटले तरी चालेल. भंडारनायके यांना चूक उमगली नव्हती असे नाही. १९५७ साली त्यांनी तमिळांचे नेते चेल्वनायकम यांच्याशी करार करून तमिळ भाषेस व तमिळ प्रांतांस काही अधिकार देऊ केले. परंतु विरोधी पक्षाने व भिक्षूंनी काहूर माजविले, आणि १९५८ साली करार मोडला. त्याच वर्षी दंगली झाल्या, आणि १९५९ साली एका भिक्षूनेच भंडारनायके यांचा वध केला. जो वाघ त्यांनी मोकळा सोडला, तो त्यांच्याही आवाक्यात राहिला नाही.

पुढील पायरी शिक्षणाची होती. १९७१ पासून वैद्यकी व अभियांत्रिकीच्या शिक्षणाकरिता तमिळ माध्यमातील विद्यार्थ्यास सिंहली माध्यमातील विद्यार्थ्याहून अधिक गुण मिळविणे भाग पडले. ज्या तरुणाने अभ्यास करून डॉक्टर व्हावयाचे, त्याच्या हाती बंदूक का आली, याचे पुष्कळसे उत्तर येथे सापडते. १९८१ साली जाफन्याचे ग्रंथालय जाळण्यात आले. सुमारे ९७ हजार ग्रंथ व हस्तलिखिते भस्मसात झाली. १९८३ च्या जुलैमध्ये कोलंबोत तमिळांची कत्तल झाली आणि यादवी युद्ध पेटले. ते मे २००९ पर्यंत चालले. संयुक्त राष्ट्रसंघाच्या अंदाजाप्रमाणे त्यात ८० हजार ते १ लाख माणसे मेली. तमिळ बंडखोरांनीही क्रौर्यात कसूर केली नाही. १९९० साली त्यांनी उत्तरेतील मुसलमानांस घरादारातून हाकलून दिले. मध्यंतरी, १९८७ साली, घटनादुरुस्तीने तमिळ हीही राजभाषा झाली. जे १९५६ साली शाईने देता आले असते, ते तीस वर्षांनी रक्त सांडल्यावर दिले गेले.

ब्रह्मदेशाची कथा अधिक खिन्न करणारी आहे, कारण तेथे आरंभ चांगला झाला होता. १२ फेब्रुवारी १९४७ रोजी पांगलाँग येथे आंग सान यांनी शान, काचिन व चिन या डोंगरी समाजांच्या पुढाऱ्यांशी करार केला आणि त्यांच्या प्रदेशांस अंतर्गत कारभाराची स्वायत्तता देण्याचे तत्त्व मान्य केले. १९ जुलै १९४७ रोजी आंग सान यांचा खून झाला. करारावर सही राहिली, पण शब्द पाळणारा पुरुष गेला. १९४९ च्या आरंभी कारेन समाजाचे बंड सुरू झाले. १९६१ साली बौद्ध धर्म हा राज्याचा धर्म ठरविण्यात आला व काचिन समाजातील ख्रिस्ती लोक बिथरले. डोंगरी प्रदेशांच्या हक्कांची वाटाघाट चालू असतानाच २ मार्च १९६२ रोजी सेनापती ने विन यांनी सत्ता बळकावली. राज्याची एकी टिकविण्यासाठी हे केले, असे सैन्याने सांगितले.

ती एकी कशी टिकली? दुकाने, गिरण्या व पेढ्या सरकारजमा झाल्या, आणि सुमारे तीन लाख भारतीय हात हलवीत मायदेशी परतले. दुसऱ्या महायुद्धापूर्वी हा देश जगात सर्वांत अधिक तांदूळ परदेशी पाठवीत असे. धान पिकविणाऱ्या गोंदियाच्या शेतकऱ्यास याचे मोल वेगळे सांगावयास नको. युद्धातील विध्वंस, सरकारी मक्तेदारी आणि न संपणारी बंडे यांमुळे त्या वैभवास ओहोटी लागली, आणि १९८७ साली त्याच देशाची गणना जगातील अत्यंत मागासलेल्या देशांत झाली. १९८२ च्या नागरिकत्वाच्या कायद्याने रोहिंग्यांस बेवारशी केले. २०१७ साली त्यांपैकी सात लाखांहून अधिक लोक बांगलादेशात पळाले. १ फेब्रुवारी २०२१ रोजी सैन्याने पुन्हा सत्ता घेतली. जे सैन्य आपल्याच प्रजेशी दोन पिढ्या लढत राहिले, त्याला राज्य सोडून बराकीत परतणे कठीण जाते, हा याचा अर्थ होय.

आता पाकिस्तान. त्या राज्यातील निम्म्याहून अधिक प्रजा बंगाली बोलणारी होती, आणि तरीही २१ मार्च १९४८ रोजी जीना यांनी ढाक्यात जाहीर केले की, राष्ट्रभाषा उर्दू आणि उर्दूच होईल. २१ फेब्रुवारी १९५२ रोजी ढाक्यात मातृभाषेसाठी निघालेल्या विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला. तो दिवस आज जगभर मातृभाषा दिन म्हणून पाळतात. १९५६ च्या घटनेने बंगालीस मान्यता दिली खरी, परंतु पूर्वेच्या तागावर मिळालेला पैसा पश्चिमेकडे खर्च होतो, ही तक्रार वाढतच गेली. १९७० च्या निवडणुकीत आवामी लीगने पूर्वेकडील १६२ सर्वसाधारण जागांपैकी १६० जिंकल्या. हे बहुमत मान्य करण्याऐवजी २५ मार्च १९७१ च्या रात्री सैन्य मोकळे सोडण्यात आले. सुमारे एक कोटी माणसे भारतात आली, आणि १६ डिसेंबर १९७१ रोजी पाकिस्तान दुभंगले. धर्म एक असला म्हणजे राष्ट्र एक होते, हा सिद्धान्त भाषेच्या व भाकरीच्या प्रश्नावर कोसळला.

अर्जुनी-मोरगावच्या बंगाली वसाहतींचा धागा येथेच मिळतो. मध्य भारतातील रानांत वसविलेल्या या निर्वासितांत नमशूद्र समाजाचा भरणा मोठा आहे. या समाजाचे पुढारी जोगेंद्रनाथ मंडल पाकिस्तानचे पहिले कायदामंत्री होते. १९४६ साली डॉ. आंबेडकरांस बंगालमधून घटना समितीवर निवडून आणण्यात ज्यांचा वाटा मोठा, तेच हे मंडल. गरीब मुसलमान शेतकरी व गरीब नमशूद्र शेतकरी यांचे हित एकच आहे, या विश्वासाने ते त्या नव्या राष्ट्रात राहिले. १९५० च्या दंगलींनंतर, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, राजीनामा देऊन ते कलकत्त्यास परतले. जेथे कायदामंत्र्यास कायद्याचे संरक्षण मिळत नाही असे वाटले, तेथे त्याच्या समाजातील नांगरधाऱ्याने कोणाच्या भरवशावर राहावे? १९५८ साली भारत सरकारने दंडकारण्य योजना हाती घेतली. त्या काळापासून बस्तर, कोरापूट, चांदा व भंडारा या बाजूच्या जंगल-मुलुखांत या कुटुंबांची वस्ती होत गेली. नदीकाठची माणसे अशा रीतीने साग-बांबूच्या रानात आली.

ज्याने अन्याय सोसला तो दुसऱ्यावर अन्याय करणार नाही, अशी आशा माणूस बाळगतो. इतिहास तिला दुजोरा देत नाही. भाषेकरिता रक्त सांडून स्वतंत्र झालेल्या बांगलादेशाने १९७२ च्या घटनेत आपल्या सर्व नागरिकांस बंगाली म्हटले. चितगावच्या डोंगराळ भागाचे प्रतिनिधी मानवेंद्र नारायण लारमा यांनी घटना समितीत त्यास हरकत घेतली, ती मानली गेली नाही. त्या डोंगरांतील चकमा लोकांचे दुःख तर जुनेच होते. १९६२ साली पाकिस्तानने कर्णफुली नदीवर काप्ताई धरण पुरे केले. विजेचे दिवे शहरांत लागले आणि डोंगरी लोकांची सुमारे चाळीस टक्के लागवडीची जमीन पाण्याखाली गेली. एक लाखाच्या आसपास माणसे उठली, आणि त्यांतील हजारो भारतात आली. पुढे तेथे बंड झाले व ते १९९७ च्या करारापर्यंत धुमसले. विकासाचे काम म्हणजे आपोआप सर्वांचे कल्याण, असे समजणे किती फसवे असते, याचे हे ठळक उदाहरण होय. धरणाचे पाणी कोणाकडे जाते आणि धरणाखाली कोणाचे गाव जाते, हे दोन प्रश्न एकत्र विचारल्याशिवाय विकासाचा हिशेब पुरा होत नाही.

या सर्व हकीकतीवरून एखादा असा निष्कर्ष काढील की, अनेक वंशांच्या व भाषांच्या देशास भरभराट लाभणेच शक्य नाही. तो निष्कर्ष खरा नाही. हिंदी महासागरातील मॉरिशस बेटाकडे पाहावे. तेथे गेल्या शतकाच्याही आधीच्या शतकात उसाच्या मळ्यांवर मजूर म्हणून गेलेली भोजपुरी, तमिळ, तेलुगू माणसे आहेत, आणि कोकणातून गेलेली मराठी माणसेही आहेत. आफ्रिकी, चिनी व फ्रेंच वंशाचे लोक आहेत. पीक एकच, ऊस. १९६८ साली स्वातंत्र्याच्या तोंडावर तेथेही दंगली झाल्या, आणि या बेटाचे भवितव्य काळे आहे असे नाणावलेले अर्थशास्त्रज्ञ सांगत होते. परंतु तेथील घटनेने निवडणुकीत ज्या समाजास पुरेशा जागा मिळाल्या नाहीत त्याच्या पराभूत उमेदवारांतून काही जागा भरण्याची तरतूद केली. सरकारे बहुधा अनेक पक्षांची मिळून बनली. १९७७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत झाले. साखरेच्या जोडीस कापडाचे कारखाने व पर्यटन आले. मराठीसह पूर्वजांच्या भाषा शाळांत शिकविल्या जातात आणि गणेशचतुर्थीस सरकारी सुट्टी असते. उणिवा तेथेही आहेत. १९९९ साली क्रिओल समाजाचा असंतोष रस्त्यावर उसळला होता. तथापि कोणत्याही एका समाजास सगळे गमावण्याची भीती राहिली नाही, म्हणून सर्वांना मिळविण्याकडे लक्ष देता आले. सिलोन आणि मॉरिशस यांतील भेद माणसांच्या रक्तात नसून राज्याच्या नियमांत आहे.

भारताने या परीक्षेत काय केले? १९६३ च्या कायद्याने हिंदीबरोबर इंग्रजी चालू ठेवण्याची वाट मोकळी केली. १९६५ साली मद्रासेत हिंदीविरुद्ध उठाव झाला तेव्हा केंद्राने माघार घेतली, आणि १९६७ च्या दुरुस्तीने ते आश्वासन कायद्यात बसविले. ही माघार दुबळेपणाची नव्हे, शहाणपणाची होती. भाषावार राज्ये झाली. गोंदियाने तर हा प्रयोग घरबसल्या पाहिला. मध्य प्रांत-वऱ्हाडातील हा मुलूख १९५६ साली विदर्भाबरोबर मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात आला, आणि १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा होऊन स्वतंत्र जिल्हा झाला. शेजारचा बालाघाट मध्य प्रदेशात राहिला. सोयरिकी दोन्हीकडच्या, बाजार दोन्हीकडचे, बोली पोवारी, छत्तीसगडी, हिंदी, मराठी. सरहद्दीची रेघ आखली गेली, पण कोणाचे नागरिकत्व गेले नाही आणि कोणास रात्री घर सोडावे लागले नाही.

तथापि आत्मसंतोषास जागा नाही. १९८४ ची दिल्ली आणि २०२३ पासूनचे मणिपूर ही नावे विसरता येत नाहीत. डॉ. आंबेडकर १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत उभे होते व पराभूत झाले. गोंदिया तेव्हा त्याच भंडारा जिल्ह्यात होते. पुढच्याच वर्षी भाषावार राज्यांवर त्यांनी एक लहान पुस्तक प्रसिद्ध केले. एका राज्यात एक भाषा असावी हे त्यांना मान्य होते. परंतु एका भाषेच्या राज्यात एखादी संख्येने मोठी जात सगळी सत्ता गिळंकृत करील व लहान समाजांस दाद लागणार नाही, असा इशारा त्यांनी त्यात दिला. हा इशारा सिलोनच्या सिंहली कायद्याच्या एक वर्ष आधीचा आहे, हे लक्षात घेतले म्हणजे त्यांची दृष्टी किती लांबवर पोहोचत होती ते कळते.

हीच कसोटी गोंदिया जिल्ह्यास लावावी. सालेकसा तालुक्यातील कचारगड येथे माघ पौर्णिमेस अनेक राज्यांतील गोंड समाज जमतो. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणाऱ्यांची संख्या २९ लाखांहून अधिक भरली. २००३ च्या घटनादुरुस्तीने संथाळी व बोडो या भाषांस घटनेच्या आठव्या परिशिष्टात स्थान मिळाले, गोंडीस मात्र मिळाले नाही. सहा वर्षांचे गोंड मूल शाळेत येते, तेव्हा गुरुजींचा शब्द त्यास परका असतो. ते गप्प बसते, आणि ते मंद आहे असा शेरा त्याच्या कपाळी लागतो. जाफन्यातील विद्यार्थ्यास कायद्याने अडविले. येथे कायदा अडवीत नाही, पण परिणाम भोगणाऱ्या मुलास तो भेद कसा कळावा? तीच गोष्ट बंगाली वसाहतींची. नमशूद्र हे नाव पश्चिम बंगालच्या अनुसूचित जातींच्या यादीत आहे, महाराष्ट्राच्या यादीत ते नाही. आश्रय मिळाला, जमीन मिळाली, परंतु आजोबा ज्या जातीमुळे खाली दडपले गेले, तिची नोंद नातवाच्या सवलतीच्या वेळी हरवते.

उपाय दुर्लभ नाहीत. पहिल्या इयत्तेत गोंडी जाणणारा शिक्षक नेमावा. सरकारी दाखल्याचा अर्ज ज्याच्या त्याच्या भाषेत समजावून देणारा माणूस तालुक्याच्या कचेरीत असावा. धरण, खाण वा अभयारण्य यांचा बेत आखताना उठणाऱ्या गावाची ग्रामसभा आधी भरवावी, मागाहून नव्हे. यांत खर्च थोडा आहे. सिलोनला सव्वीस वर्षांच्या युद्धाला जेवढा लागला, त्याचा तो सहस्रांशही नसेल.

शेजारच्या देशांनी पाऊण शतकात जो धडा गिरविला, तो थोडक्यात इतकाच आहे. बहुसंख्य समाजाने राज्य आपल्या मालकीचे मानले की अल्पसंख्य समाज त्या राज्यास आपला शत्रू मानू लागतो. मग जो पैसा कालव्यास व शाळेस जावयाचा तो दारूगोळ्यास जातो. उलट, लहानात लहान समाजाच्या मुलास शाळेत आपली भाषा ऐकू आली, कचेरीत आपले नाव नोंदलेले दिसले आणि धरणाच्या पाण्यात आपल्या शेताचा वाटा मिळाला, तर ते राष्ट्र त्याचेही होते. अरुणनगरच्या शेतात आज जो धान डोलतो, तो अशाच एका न दिलेल्या वाट्यामुळे घर सोडून आलेल्यांनी लावलेला आहे. तशी पाळी या जिल्ह्यातून कोणावर येऊ नये, हे पाहण्याचे काम दिल्ली-मुंबईइतकेच येथील गावाचे, येथील शाळेचे आणि येथील ग्रामसभेचे आहे.